ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी शुगर का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील परभणी जिल्ह्यात शेती करतात, वय ५८, माळकरी, वजन ७२ किलो, पोट थोडं सुटलेलं. १४ वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. वर्षभरापूर्वी घरच्यांनी गव्हाची पोळी आणि भात बंद करून ज्वारीची भाकरी धरली, साखरेच्या जागी गूळ आणला, सकाळी कारल्याचा रस सुरू केला. तरी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९.१ आला. पुण्यात नोकरी करणारा मुलगा विचारतो: आणखी काय काय बंद करायचं? आणि आहार नीट सांभाळला तर गोळ्या सुटतील का?

आधी गोळ्यांचं सांगतो, कारण बहुतेक घरांत आहार बदलतात तो त्याच आशेवर. १४ वर्षांनंतर निव्वळ आहारावर सगळी औषधं सुटण्याची शक्यता कमी असते. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी वर्षागणिक थकत जातात. निदान होतं तेव्हाच त्यांची ताकद बरीच घटलेली असते. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवून लोकांची वजनं उतरवली, तेव्हा वर्षभराने ४६ टक्के आणि दोन वर्षांनी ३६ टक्के लोकांची शुगर औषधाविना आटोक्यात होती. ‘मधुमेह मुळापासून बरा’ म्हणणारे व्हिडिओ याच अभ्यासाचा हवाला देतात. पण त्यातली माणसं निदानापासून सहा वर्षांच्या आतली होती, इन्सुलिन न घेणारी होती आणि वजनाने बरीच जास्त होती. तुमच्या वडिलांचं तसं नाही.

म्हणून त्यांच्यापुढे ‘गोळ्या बंद’ हे ध्येय ठेवू नका. ९.१ वरून सातच्या आसपास येणं, हे ध्येय ठेवा. ९.१ म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण २१४. सात म्हणजे साधारण १५४. या साठ अंकांच्या उतारावर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा अवलंबून असतात. हा उतार आहाराने मिळू शकतो, आणि आपल्या मराठवाड्यातल्या जेवणानेच मिळू शकतो. त्यासाठी ओट्स, किन्वा किंवा महागडं ‘डायबेटिक’ पीठ लागत नाही.

मग वर्षभर ज्वारी खाऊनही आकडा का हलला नाही? तुम्ही कळवलेला वडिलांचा दिवस मी कागदावर मांडून पाहिला. सकाळी दोन भाकरी, दुपारी दोन, रात्री एक. भाकरी आपल्याकडची, म्हणजे हातभर. एकीला ८० ग्रॅम पीठ सहज जातं. पाच भाकरींचं पीठ झालं ४०० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम पिष्ट असतं. म्हणजे नुसत्या भाकरीतून दिवसाला २७० ग्रॅम पिष्ट पोटात गेलं, आणि पचून त्याची साखरच होते. वर चार कप गुळाचा चहा, कपाला दोन चमचे धरले तर आणखी ४० ग्रॅम गूळ.

आता गव्हाचा आकडा बघा: १०० ग्रॅम कणकेत साधारण ६४ ग्रॅम पिष्ट. चोथा, म्हणजे फायबर, दोन्हींत दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. तांदूळ मात्र वेगळा, त्यात पिष्ट ७८ ग्रॅम आणि चोथा तीन ग्रॅमहून कमी. म्हणजे भात कमी केल्याने थोडा फायदा झाला असेल, पण पोळी सोडून तेवढीच भाकरी खाल्ल्याने शुगरला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीनेही हेच दाखवलं. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा २०२३ मधला आकडा याच पाहणीचा. तिचाच आहारावरचा भाग २०२५ मध्ये आला. त्यानुसार आपल्या जेवणातली साधारण ६२ टक्के ऊर्जा पिष्टातून येते, आणि एकूण पिष्ट तेवढंच ठेवून नुसतं धान्य बदललं, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणलं, तर धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्टाचा काही वाटा डाळी-कडधान्यांच्या आणि दुधाच्या प्रथिनांना दिला तेव्हा तो कमी दिसतो.

ज्वारी सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. सवयीची आहे, पोटभरीची आहे, रब्बीची मालदांडी घरची असेल तर त्याहून चांगलं काय? फक्त ‘भाकरीला शुगर नसते’ हा समज डोक्यातून काढा. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या घरात तो असतो, आणि त्याच्यामुळे माणूस पोळी दोन खायचा तिथे भाकरी तीन खातो.

आता मुख्य बदल. भाकरी निम्म्यावर नाही, पण चार लहान भाकरींवर आणायची, एकीला ६० ग्रॅम पीठ. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा ६० ग्रॅम पीठ तोलून घरातली एक वाटी ठरवून टाका. रोज तोलत बसायला नको. सकाळी दीड, दुपारी दीड, रात्री एक. यातून पिष्ट २७० वरून १६०-१६५ ग्रॅमवर येतं.

इथवर बहुतेक लोक स्वतःच येतात आणि इथेच थांबतात. भाकरी कमी करतात, ताटात दुसरं काही वाढवत नाहीत. मग तिसऱ्या दिवशी चार वाजता पोटात खड्डा पडतो, मुरमुरे, टोस्ट, बिस्किटाचा पुडा येतो, आणि आठवड्यात ‘आहार जमत नाही’ असं ठरतं. यात आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याला प्रथिनांचा मोठा वाटा भाकरीतूनच मिळतो. ४०० ग्रॅम ज्वारीतून ४० ग्रॅम प्रथिनं मिळत होती. २४० ग्रॅममधून २४ मिळतील. तुमच्या वडिलांच्या वजनाला दिवसाला साठेक ग्रॅम हवीत. ही तूट भरून काढली नाही तर वजन उतरेल, पण चरबीबरोबर मांड्या-दंडाचं मांसही जाईल. साखर खेचून घेणारा सगळ्यात मोठा अवयव मांसपेशी हाच आहे. तो झिजला की शुगर पुन्हा चढते.

म्हणून भाकरी जेवढी कमी, तेवढं कोरड्यास जास्त. भाजी, वरण, पिठलं, उसळ हे बोटाला लावून खायचं तोंडीलावणं राहता कामा नये. पोट त्याने भरलं पाहिजे आणि भाकरी त्याच्यासोबत आली पाहिजे. आपलं पातळ वरण, येसरची आमटी चवीला उत्तम, पण चौघांच्या वरणात मूठभर डाळ असेल तर माणशी दोन-तीन ग्रॅमच प्रथिनं येतात. वडिलांच्या वाट्याला दिवसभरात ८० ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्य यायला हवं. दुपारी घट्ट तुरीचं किंवा मुगाचं वरण दोन वाट्या आणि रात्री मटकी, हरभरा, चवळी, मूग यापैकी एकाची मोठी वाटीभर उसळ, इतकं झालं की १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आली. डाळीतही पिष्ट असतं, पण ते सावकाश पचतं आणि साखर एकदम उसळत नाही. सोबत विरजलेलं दही वाटीभर, आणि मूठभर शेंगदाणे, साधारण २५ ग्रॅम. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी आपल्याकडे असतेच. तीच चमचाभर न घेता दोन चमचे घ्या, वरून ओतायचं तेल मात्र टाळा.

आणि सोयाबीन. लातूर, हिंगोली, परभणी, नांदेडची शिवारं खरिपात सोयाबीनने भरलेली असतात. खरिपाची ज्वारी याच पिकाने मागे सारली. ते सगळं बाजारात जातं आणि आपल्या ताटात चमचाभरही येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून थोडी जास्त प्रथिनं असतात. २५ ग्रॅम कोरड्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-लसणाच्या मसाल्यात भाजी केली तर १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि खर्च अगदी थोडा. वडील माळकरी आहेत, अंडी-मटण नाही. त्यांच्यासाठी तर हे फारच उपयोगाचं. माळेमुळे कांदा-लसूण चालत नसेल तर जिरं-हिरव्या मिरचीचं वाटण घाला. घरचं सोयाबीन दळून भाकरीच्या पिठात दहावा हिस्सा मिसळता येतं, पण कच्चं दळू नका. आधी उकळून वाळवा किंवा खरपूस भाजा, नाहीतर पचत नाही.

भाज्यांबद्दल वेगळं शिकवायची गरज नाही. आईंना अंबाडी, शेपू, मेथी, तांदुळजा, चुका, घोळ, पाथरी, करडईची कोवळी भाजी हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. फक्त अंबाडीच्या भाजीत कण्या घालताना हात आखडता घ्या आणि डाळ वाढवा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्याहून जास्त नको. घरात चार माणसं तर दोन लिटरचा डबा महिनाभर पुरला पाहिजे.

जेवणाचा क्रम हा बिनखर्चाचा उपाय आहे. आधी मुळा, काकडी, गाजर, पातीचा कांदा, मग उसळ-भाजी-वरण चार-सहा घास, आणि मग भाकरी. तेच अन्न याच क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अनेक छोट्या अभ्यासांत दिसलं आहे आणि मी ग्लुकोमीटरवर रुग्णांना दाखवतही असतो. जेवण झाल्यावर १०-१५ मिनिटं चालायचं. ‘मी दिवसभर रानात असतो, मला चालायची काय गरज’ असं वडील म्हणतील. रानातलं काम सारखं नसतं. पेरणी-काढणीला अंग मोडतं आणि चैत्र-वैशाखात पारावर दिवस जातो. रात्रीच्या जेवणानंतर तर कुणीच हलत नाही, आणि उपाशीपोटीची सकाळची शुगर चढी असण्यामागे हेही एक कारण असू शकतं. रात्रीचं जेवण साडेनऊऐवजी साडेसात-आठला झालं तर आणखी बरं. चालताना पायात बंद चप्पल किंवा बूट असू द्या. १४ वर्षांच्या शुगरमध्ये पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, काटा मोडला तरी कळत नाही.

गुळाचं एका ओळीत सांगतो: शुगरच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच. त्यात थोडं लोह असेल, पण चहातल्या दोन चमच्यांनी ते भागत नाही आणि शुगर मात्र चढते. मध, खडीसाखर, काकवी यांचंही तेच. चहा चारचे दोन कप करा आणि गोडी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत न्या. एकदम तोडलं की पाहुण्यांकडे दुप्पट होतं. पारावर, बाजारात, सोयऱ्यांच्या घरी कडक गोड चहा नाकारणं आपल्याकडे अवघड असतं, हे मी जाणतो. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ असं बेधडक माझ्या नावावर खपवा.

कारल्याचा रस आवडत असेल तर प्यावा, पण त्याच्या भरवशावर गोळी चुकवू नये. मेथीदाणे भिजवून खाल्ले तर चोथ्यामुळे थोडा फायदा होतो. मात्र पुडीतून मिळणारी, लेबल नसलेली ‘शुगरची चूर्णं’ घरात आणू नका. अशा चूर्णांत शुगर उतरवणारी ॲलोपॅथीची औषधं गुपचूप मिसळलेली सापडल्याची प्रकरणं झाली आहेत, आणि चालू गोळीवर ती पडली तर माणूस बेशुद्ध होतो.

इथे मी सगळ्यात जास्त काळजीने लिहितो आहे, कृपया हा भाग आई-वडिलांना फोनवर वाचून दाखवा. वडिलांच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. पाच मोठ्या भाकरींवर बसवलेली गोळी चार लहान भाकरींवर तशीच चालू ठेवली तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. म्हणून भाकरी कमी करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा, ‘आम्ही पीठ इतकं कमी करणार आहोत’ असं आकड्यात सांगा आणि गोळीचा डोस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. शुगर उतरली की दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक पेटते, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्यायची. बिस्किट किंवा चिवडा नको, स्निग्धामुळे साखर चढायला वेळ लागतो. सावरल्यावर थोडी भाकरी-वरण खायला द्या. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, तासा-दोन तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी त्यांना एकटं रानात पाठवू नका आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

पुढे कधी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशी गोळी सुरू झाली, तर तिची वेगळी काळजी आहे. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, सोबत पाणीही जातं. वैशाखात पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना, उलट्या-जुलाब सुरू असताना किंवा कडक उपवासात ती चालू ठेवायची की थांबवायची हे आधीच विचारून ठेवा. भाकरी अजिबात बंद करून नुसत्या पनीर-बदामावर राहण्याचा नवा प्रकार या गोळीसोबत धोक्याचा आहे.

माळकरी म्हटल्यावर एकादशी आलीच. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणारा मधुमेही माणूस त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त पिष्ट खातो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. बटाटा घातला की आणखी भर. एकादशी मोडा असं मी कधीच सांगत नाही, ते माझं काम नव्हे आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण भगर वाटीभरच घ्या आणि शेंगदाण्याची आमटी दोन वाट्या घ्या. दही, ताक, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची एखादी भाकरी. केळी-खजूर-राजगिऱ्याचे लाडू हे एकावर एक नकोत. निर्जळी किंवा एकवेळचा उपवास असेल तर गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यात विचारा. सकाळची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणं ही आपल्याकडे शुगर धोकादायक उतरण्याची नेहमीची तऱ्हा आहे. वारीला पायी जाणार असतील तर हे दुप्पट लागू: चालणं वाढतं, जेवणाच्या वेळा हुकतात. खिशात साखरेची पुडी आणि गळ्यात ‘मला मधुमेह आहे’ असं लिहिलेली चिठ्ठी असू द्या. शेजारच्या मुस्लिम कुटुंबांतल्या रुग्णांना मी रोज्यांबद्दल हेच सांगतो. रमजानच्या महिना-दीड महिना आधी येऊन औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात, सेहरी टाळू नये, इफ्तारला सरबतापेक्षा पाणी आणि एखाद-दोन खजूर पुरेत.

सणवार आणि ऋतूंना घाबरायचं कारण नाही. आपल्या लातूर-धाराशिवकडच्या वेळ अमावस्येची भज्जी, ओल्या हरभऱ्या-तुरीच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची, हे मला मधुमेहासाठी ठाऊक असलेल्या उत्तम पदार्थांपैकी एक वाटतं. ती पोटभर खावी, आंबिल घ्यावं, उंडे एक-दोन, खीर चार चमचे. हुरडा मात्र भाकरीच्या हिशेबात धरा: दोन मुठी हुरडा खाल्ला तर त्या वेळची भाकरी नाही, आणि सोबत गूळ-रेवड्यांऐवजी दही आणि चटणी. ओल्या हरभऱ्याचे डहाळे बांधावर बसून खुशाल खावेत.

फळांचं पटकन सांगतो. पेरू, जांभूळ, बोर, पपईच्या फोडी, जालन्याकडची मोसंबी सोलून, एका वेळी एक फळ, चालतं. रस नको. रसवंतीवरच्या एका ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा चमचे. त्याऐवजी मीठ-जिऱ्याचं ताक. सीताफळ लहान असेल तर अर्धं. केशर आंब्याच्या दोन फोडी जेवणात, भाकरीचा चतकोर कमी करून. आमरस-पुरीचं जेवण झालंच तर त्या रात्री नुसतं वरण-भाजी आणि चालणं.

आता आईंबद्दल. एकट्या वडिलांसाठी वेगळं शिजवायचं म्हटलं की ते जेमतेम महिनाभरच टिकतं. आईंना सकाळी पाणी, जनावरं, रानातलं काम, त्यात दोन भाज्यांच्या जागी चार कुठून होणार? सगळ्या घराचं जेवण एकच असू द्या. घट्ट वरण, उसळ आणि लहान भाकरी कुणालाच वाईट नाही. वाढत्या वयाची मुलं घरी असतील तर त्यांना एक भाकरी जास्त, इतकाच फरक. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, डाळ विकत आणावी लागते, हा खर्चाचा प्रश्नही खरा आहे. मी रुग्णांना आधी कारल्याचा रस, शुगरफ्री बिस्किटं आणि चूर्णांवर जाणारे पैसे मोजायला सांगतो. बहुतेक घरांत महिन्याची दोन-तीन किलो डाळ त्यातच निघते. तुम्ही पुण्याहून काही पाठवणार असाल तर प्रोटीन पावडरीचा डबा पाठवू नका. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या पाठवा.

पट्ट्या महाग पडतात, म्हणून त्या जोडीने वापरा. आठवड्यातून दोन दिवस, एकाच जेवणाची: जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. एका आठवड्यात सकाळची न्याहारी, पुढच्यात दुपारचं, मग रात्रीचं. आधीचा आकडा ८० ते १३० आणि नंतरचा १८० च्या आत, हे साधारण लक्ष्य. दोन आकड्यांतला फरक साठच्या वर गेला तर त्या ताटात काय होतं ते वहीत लिहा. महिनाभरात तुम्हाला कळेल की वडिलांना कुठलं जेवण चढतं. कुणाला पोहे चढतात, कुणाला मुरमुऱ्यांचा सुशीला, कुणाला लग्नातल्या भाताने तीनशे होते. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर ते पाच मिनिटांत जे सांगतील ते मी इतकं लिहूनही सांगू शकत नाही.

हे सगळं सुरू करण्याआधी चार तपासण्या करून घ्या. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन: मूत्रपिंडावर परिणाम सुरू झाला असेल तर मी सांगितलेल्या डाळ-सोयाबीनचं प्रमाण तसंच वाढवायचं नाही, ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, बाहुली मोठी करून: साखर बरीच वर्षं चढी असेल आणि पडदा आधीच बिघडलेला असेल, तर ती एकदम उतरवण्याआधी नेत्रतज्ज्ञांनी बघितलेलं बरं. आणि बी-१२ जीवनसत्त्व: मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलेल्यांत ते घटतं, त्यात वडील शाकाहारी. पायांना मुंग्या येतात म्हणून सगळं शुगरवर ढकललं जातं आणि साध्या बी-१२ ने बरा होणारा भाग तसाच राहतो.

एक अपवाद. हा आराखडा ७२ किलोच्या, पोट सुटलेल्या माणसाचा आहे. मजुरी करणारे, ऊसतोडीला जाणारे, मुळातच काटक असलेले अनेक मधुमेही माझ्याकडे येतात. त्यांचं वजन आणखी उतरवणं घातक ठरू शकतं. त्यांना भाकरी थोडीशीच कमी करून डाळ, शेंगदाणे, दही आणि तेलाचा वाटा वाढवावा लागतो. खाऊनपिऊनही वजन आपोआप घटत असेल, रात्रीतून चारदा लघवीला उठावं लागत असेल, तर तिथे आहाराची वाट पाहू नये. अशा माणसाला बहुधा इन्सुलिनची गरज असते. वडिलांनाही सगळं नीट करून तीन महिन्यांनी एचबीएवनसी साडेआठच्या खाली आला नाही तर औषध वाढेल किंवा इन्सुलिन येईल. ते आलं म्हणजे आहार फसला असं त्यांना वाटू देऊ नका. लहान भाकरी आणि घट्ट वरण इन्सुलिनवरही तितकंच लागतं, त्याने डोस कमी पुरतो.

त्यांना डॉक्टरांकडे नेणार तेव्हा आईंचीही उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर तपासून घ्या. त्याही त्याच ताटातलं खातात, आणि बायका आपल्याकडे स्वतःची तपासणी कधीच आधी करून घेत नाहीत. गावच्या आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची ही तपासणी मोफत होते.